‘आता एका जागी बसा’ या सल्ल्याविरुद्ध

घरातलं म्हातारं माणूस एकदा पडलं की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हालचालीला कात्री लागते. भाजी आणायला जाणं बंद, जिना बंद, देवळात जाणं बंद. ‘आई, तू बस, आम्ही देतो आणून.’ ‘बाबा, पाणी हवं तर हाक मारा, उठू नका.’ खाटेशेजारी तांब्या-भांडं येतं, औषधांचा डबा येतो, टीव्हीचा रिमोट येतो. परवापर्यंत घरभर उठबस करणारं माणूस खुर्चीत स्थिर होतं. हाड मोडलेलं नसेल तर डॉक्टरही ‘जपून राहा, फार हालचाल नको’ एवढंच सांगून पाठवतात. शेजारीपाजारी, येणारे-जाणारे, फोनवरून चौकशी करणारे, सगळे तेच सांगतात. मुलं-सुना हे प्रेमापोटी करतात, याबद्दल मला शंका नाही. तरीही हा सल्ला घातक आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. ज्या पडण्यापासून वाचवायचं म्हणून तो दिला जातो, तेच पडणं तो जवळ आणतो.

पडल्यावर आपण फरशीला दोष देतो. ओली न्हाणी, सरकणारं पायपुसणं, उंच उंबरठा ही निमित्तं खरीच आहेत. पण त्याच ओल्या फरशीवर घरातली तरुण माणसंही घसरतात आणि सावरतात. सावरताना शरीर काय करतं? पाय अडकला किंवा सरकला की डोळे, कानाच्या आतला तोल राखणारा अवयव आणि तळपायाची जाणीव मेंदूला खबर देतात. मेंदू दुसरा पाय झटकन पुढे टाकायला लावतो, आणि पुढे झुकलेल्या सबंध देहाचा भार मांडी, पोटरी आणि घोटा मिळून पेलतात. हे सगळं घडायला अर्धा-पाऊण सेकंद मिळतो. वयाबरोबर यातला प्रत्येक दुवा थोडा मंदावतो हे कबूल. पण जे वय सावकाश नेतं, ते बसून राहणं भराभर नेतं. २००७ मध्ये अमेरिकेत तब्येतीने धडधाकट असलेल्या काही वयस्क माणसांना प्रयोगासाठी दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. दहा दिवसांत त्यांच्या दोन्ही पायांमधले मिळून सुमारे एक किलो स्नायू गेले. आजार नाही, ऑपरेशन नाही, नुसतं पडून राहणं. आपल्याकडे ‘चार दिवस आराम करा’ या चार दिवसांचे चार महिने होतात, आणि मग आई न्हाणीत जाताना भिंतीला हात लावून का चालते, असा प्रश्न आपल्याला पडतो.

प्रश्न मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी दर तिघा-चौघांतलं एक जण वर्षातून एकदा तरी पडतं. यातली बरीच माणसं घरी सांगतच नाहीत, कारण सांगितलं की काय होईल हे त्यांना ठाऊक असतं: उद्यापासून बाहेर जाणं बंद. म्हणजे आपल्या या सल्ल्यामुळे पहिलं पडणं लपवलं जातं, आणि कळतं ते थेट दुसरं, खुबा मोडल्यावर.

पडण्याची भीती हा आणखी एक मारेकरी आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टर मेरी टिनेटी यांनी १९८० च्या दशकापासून या भीतीचा अभ्यास केला. घाबरलेलं माणूस हालचाल कमी करतं, पावलं आखूड टाकतं, नजर जमिनीला खिळवून अंग आखडून चालतं, आणि अशा चालण्यात तोल अधिकच ढळतो. हालचाल कमी झाली की पाय दुबळे होतात, पाय दुबळे झाले की भीती वाढते. घरातलं प्रत्येक ‘अगं, पडशील!’ या चक्राला आणखी एक ढकल देतं. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच असेल, तर ते जपणं त्या माणसाला महाग पडतं.

यावर पहिला प्रतिवाद येतो तो असा: ‘या वयात गेलेली ताकद परत येते होय?’ येते. याचा पुरावा १९९० सालचा आहे, आणि तो अजून आपल्या घरांत पोहोचू नये याचं मला मनापासून वाईट वाटतं. बोस्टनच्या एका वृद्ध-निवासात मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ९० वर्षं वयाच्या, अगदी अशक्त अशा दहा जणांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले. हलके, दाखवायचे व्यायाम नव्हेत. त्यांना जड वाटेल इतकं वजन. ज्या नऊ जणांनी ते पूर्ण केले त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. ही माणसं नव्वदीतली होती. आपण सत्तराव्या वर्षी ‘आता काय राहिलंय’ म्हणून हातपाय गाळतो.

दुसरा प्रतिवाद अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यामागे खरी काळजी आहे: ‘व्यायाम करतानाच पडले तर?’ २०१९ मध्ये कॅथी शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन या संस्थेसाठी २५ देशांतल्या १०८ चाचण्या एकत्र करून तपासल्या. त्यांत २३,००० हून जास्त वयस्क माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळलं. साध्या शब्दांत, व्यायाम न करणारी हजार माणसं वर्षभरात ८५० वेळा पडत असतील, तर व्यायाम करणारी ६५५ वेळा पडतात. ज्या चाचण्यांनी व्यायामामुळे झालेल्या इजांची नोंद ठेवली त्यांत बहुतेक तक्रारी अंगदुखी, सांधेदुखी अशा किरकोळ होत्या. गंभीर म्हणाव्यात अशा दोनच, एका व्यक्तीच्या कटीच्या हाडाला ताणाने गेलेला तडा आणि एका व्यक्तीचं हर्नियाचं ऑपरेशन. ही जोखीम मी नाकारत नाही. पण खुर्चीत बसवून ठेवण्याची जोखीम कोणीच मोजत नाही, म्हणून ती शून्य वाटते.

तिसरं उत्तर मला सर्वांत जास्त ऐकू येतं, आणि त्याच्याशी भांडायला थोडी जागा हवी. ‘आमचे बाबा रोज सकाळी बागेत चालतात. तेवढं पुरे आहे.’ चालणं चांगलंच आहे. हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, मनाला तर फारच चांगलं. पण पडणं टाळायला नुसतं चालणं पुरतं, असं चाचण्यांतून दिसलेलं नाही. ज्यांचा तोल आधीच कच्चा आहे त्यांना भरभर चालायला लावू नये, असं या विषयातले जाणकार सांगतात, कारण तोल सुधारण्याआधी त्यांच्या पडण्याच्या संधी वाढतात. कॉक्रेनच्या त्याच पाहणीत तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांत पडणं २४ टक्क्यांनी कमी झालं. त्याला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तिथे घट ३४ टक्क्यांपर्यंत गेली. खुर्चीवर बसून हात वर-खाली करणं आणि सौम्य ताण देणं तर आणखी दुबळं. ओरेगनमधल्या २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत ताई-ची या चिनी व्यायामाची तुलना ज्या गटाशी केली तो गट नेमका ताण देण्याचे व्यायाम करत होता, आणि ताई-चीवाले त्यांच्यापेक्षा ५८ टक्के कमी पडले. आपल्या बागांतल्या कितीतरी सकाळच्या वर्गांत प्राणायाम होतो, टाळ्या होतात, मान फिरवणं होतं. मन प्रसन्न होतं, आणि ते हवंच. पाय मात्र जिथल्या तिथे राहतात.

तोल सुधारायचा तर तोल थोडा डगमगला पाहिजे. हे वाक्य ऐकून घरची माणसं दचकतात, म्हणून प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. टाचा उचलून चवड्यांवर, मग चवडे उचलून टाचांवर. काही दिवसांनी एक हात सोडायचा, मग नुसती बोटं टेकवायची. नंतर एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवून एका रेषेत उभं राहायचं. हे करताना घोटे थरथरतात. ती थरथर म्हणजे काम चालू असल्याची खूण. ती दिसली की घाईने खुर्ची पुढे करायची नसते. मग त्याच रेषेत ओट्याच्या कडेने पावलं टाकायची, वळायचं, परत यायचं. एका पायावर उभं राहायचं. घट्ट, न सरकणारी, भिंतीला टेकवलेली खुर्ची घेऊन हात छातीशी घडी करून उठायचं आणि बसायचं. शेवटचा व्यायाम चाचणी म्हणूनही वापरतात: अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहापेक्षा आणि पुरुषाला बारापेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. घरोघरी साखर मोजायचं यंत्र आलं आहे, रक्तदाबाचं यंत्र आलं आहे. या मोजमापाला एक खुर्ची आणि भिंतीवरचं घड्याळ पुरतं, आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात कॅम्पबेल आणि रॉबर्टसन यांनी नेमका असाच, घरी करायचा कार्यक्रम बसवला. पहिली चाचणी १९९७ मध्ये ऐंशीच्या पुढच्या स्त्रियांवर झाली. घोट्याला बांधायची वजनं, तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीन वेळा, जोडीला थोडं चालणं. त्यांच्या चाचण्या एकत्र धरल्या तर पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी उतरलं. यात आलिशान काही नाही. पुण्याच्या सदनिकेत होईल, साताऱ्याच्या वाड्यात होईल, फोंड्याच्या अंगणात होईल.

घरातल्या सोयी आणि गोळ्या-इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. न्हाणीत धरायला दांडी, रात्री दिवा, सैल पायपुसण्यांची हकालपट्टी, मोतीबिंदूचं वेळेवर ऑपरेशन, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची डॉक्टरांकडून फेरतपासणी, हे सगळं करावं, आजच करावं. पण ‘ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घेतलं, आता काळजी नाही’ हा समज सोडावा. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या दोन हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत वर्षातून एकदाच पाच लाख युनिटांचा भला मोठा डोस दिला, तेव्हा डोस घेणाऱ्या स्त्रिया जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. ज्याच्या शरीरात ते कमी आहे त्याला ते जरूर द्यावं. पायांचं काम मात्र ते करत नाही.

आता माझ्या बाजूला सर्वांत अडचणीचा असलेला पुरावा. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जवळपास ९,८०० वयस्कांवर एक मोठी चाचणी झाली. एका गटाला पडणं कसं टाळावं याची पुस्तिका टपालाने पाठवली. दुसऱ्या गटात ज्यांना धोका जास्त आहे ते प्रश्नावलीने हुडकून त्यांना व्यायामाच्या कार्यक्रमाकडे पाठवलं. तिसऱ्या गटात अशाच लोकांची सर्वांगीण तपासणी केली. हाडं मोडण्याचं प्रमाण तिन्ही गटांत सारखंच राहिलं. याचा आधार घेऊन कोणी म्हणेल, ‘बघा, व्यायामाने काही होत नाही.’ मी हा निष्कर्ष मान्य करत नाही, पण त्या चाचणीकडे डोळेझाकही करत नाही. व्यायाम पाय घडवतो हे शंभरावर चाचण्यांनी दाखवलं आहे. इंग्लंडच्या चाचणीत मला दिसतं ते हे, की धोका हुडकून माणसाला व्यायामाकडे पाठवलं म्हणजे व्यायाम झाला असं होत नाही. कागदावरचा व्यायाम आणि वर्षभर, आठवड्याला तीन तास, घाम येईपर्यंत केलेला व्यायाम यांत जे अंतर आहे ते कागद भरून काढत नाही. ते माणसं भरून काढतात. म्हणूनच माझा आग्रह नुसत्या व्यायामाचा नाही, सोबतीचा आहे.

सोबत म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. आपण आधार म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर असतं त्या माणसाचं काम दुसऱ्याने करणं. पाणी आणून देणं, चप्पल पायात घालून देणं, उठताना काखेत हात घालून उचलणं. मी मागते आहे तो आधार वेगळा आहे. आजी खुर्चीतून हात न लावता उठायचा प्रयत्न करत असताना सुनेने शेजारी उभं राहावं, हात तयार ठेवावा, पण लावू नये. तिला दोनदा मागे बसावं लागेल, तिसऱ्यांदा ती उठेल. हे पाहत उभं राहणं उचलण्यापेक्षा कठीण आहे. त्याला वेळ लागतो, आणि कामाच्या गडबडीत उचलून उभं करणं सोपं वाटतं. तरी हीच खरी सेवा आहे असं मला वाटतं.

एकटेपणाचा संबंध इथेच येतो. इंग्लंडमधल्या वयस्कांच्या दीर्घकालीन पाहणीत एकटं राहणारे आणि माणसांत कमी मिसळणारे लोक जास्त पडताना दिसले. एकट्या माणसाला घराबाहेर पडायचं कारण उरत नाही, आणि कारण नसेल तर पाय चालत नाहीत. पडल्यावर तर एकटेपणा जिवावर उठतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या बर्मिंगहॅममधल्या पाहणीत, पडल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिलेल्यांपैकी निम्मे सहा महिन्यांत वारले. गळ्यात अडकवायचं धोक्याचं बटण हा उपाय आता आपल्याकडेही विकला जातो. पण केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्या माणसांच्या पाहणीत, एकटं असताना पडलेल्या बहुतेकांनी जवळ बटण असूनही ते दाबलं नाही. कोणाला त्रास नको, आपलं आपण उठू, असं त्यांना वाटत राहिलं. आपल्या आईवडिलांना ओळखणाऱ्या कोणालाही याचं नवल वाटू नये. म्हणून जमिनीवरून उठायची रीत शिकवावीच लागेल: कुशीवर वळा, कोपरावर या, गुडघ्यांवर या, रांगत खुर्चीपर्यंत जा, एक तळपाय जमिनीवर घट्ट रोवा, खुर्चीवर जोर देऊन उठा. सतरंजीवर, दुसरं माणूस शेजारी असताना, पडायच्या आधी शिकावी अशी ही गोष्ट आहे.

बायकांबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण हाडं त्यांची जास्त मोडतात आणि व्यायामाची मुभा त्यांना कमी असते. सत्तरीच्या आजोबांनी बागेत बैठका काढल्या तर कौतुक होतं. त्याच वयाच्या आजींनी पंजाबी ड्रेस घालून तसंच केलं तर त्यांना आधी घरातून परवानगी लागते. ज्या बाईने मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगडी घातली, तिने आता खुर्चीत बसून सुनांचे खेळ पाहायचे असतात. नवरा गेलेल्या बाईचं तर बाहेर पडणंच आखडतं. तिला वर्गात घेऊन जाणारी शेजारीण मिळाली, तर ती शेजारीण कुठल्याही टॉनिकपेक्षा मोलाची आहे.

सरकारकडेही माझं मागणं आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरजूंना काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा, चष्मा, श्रवणयंत्र यांसाठी एकदाच तीन हजार रुपये द्यायचं ठरवलं. पैसे खात्यात जमा होतात, हे चांगलं झालं. पण काठीची उंची उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीइतकी असावी, आणि दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात धरावी, हे सांगायला कोण येतं? मी रस्त्यात पाहते त्यांतल्या कित्येक काठ्या चुकीच्या हातात असतात, आणि फार उंच काठीमुळे खांदा कानापर्यंत चढलेला असतो. साधनाबरोबर शिकवणारं माणूस दिलं नाही तर ते साधन कोपऱ्यात उभं राहतं. उपकेंद्रातल्या आशाताई आणि परिचारिकांना तोलाचे व्यायाम शिकवावेत, आणि त्या कामाचा त्यांना वेगळा मोबदला द्यावा. त्यांच्यावर आणखी एक फुकटचं काम लादू नये. गावात संडास घरापासून लांब आणि वाट अंधारी असेल, तर तिथल्या म्हातारीसाठी आधी दिवा आणि कठडा, मग व्यायाम.

आणि आपल्याजवळ एक गोष्ट आहे जी अनेक श्रीमंत देशांना उभी करावी लागते: ज्येष्ठ नागरिक संघ. महाराष्ट्रात ते शहरोशहरी, मोठ्या गावांतही आहेत, फेस्कॉमच्या रूपाने त्यांचा महासंघ आहे. त्यांच्याकडे सभागृह आहे, खुर्च्या आहेत, हजेरीची वही आहे, न आलेल्याच्या घरी फोन करणारी माणसं आहेत. वाढदिवस, व्याख्यानं, सहली, भजनं चालतात. त्यांच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की आठवड्यातले तीन दिवस, एकेक तास, सभागृहातल्या खुर्च्या भिंतीला लावा. जवळच्या फिजिओथेरपिस्टला महिन्यातून दोनदा बोलवा, प्रत्येकाची उठबस मोजून वहीत नावापुढे आकडा लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. ज्यांना उभं राहिल्यावर चक्कर येते, छातीत दुखतं, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा वर्षात दोनदा पडणं झालंय, त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवा आणि मग वर्गात घ्या. आणि वहीत लागोपाठ दोन गैरहजेऱ्या दिसल्या, तर संध्याकाळी दोघांनी त्या घरी जाऊन बेल वाजवा.